सुजाता सिस्टरांचा प्रश्न

बावड्याहून प्रवीणचा फोन आला तेव्हा मी बारामतीत माझ्या लेकीच्या, मधुराच्या घरी होते. सकाळचे सव्वाअकरा वाजले होते. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे कोणत्याही घटनेची वेळ आधी टिपायची सवय लागली आहे. त्या दिवशीही 'हॅलो' म्हणण्याआधी नजर घड्याळाकडे गेली. "बाई, आई गेली," प्रवीण म्हणाला. मग त्याने अगदी आपल्या आईच्याच पद्धतीने विचारले, "तुमी एकट्याच हाय, का कुनी हाय जवळ?" दुःखाची बातमी देणाऱ्यानेच ऐकणाऱ्याची काळजी करावी, हे त्या घरातले वळण होते.

प्रवीणची आई म्हणजे सुजाता सिस्टर. इंदापूर तालुक्यात त्यांनी तीसहून अधिक वर्षे सरकारी नोकरीत परिचारिका म्हणून बाळंतपणे केली. आधी भिगवणच्या बाजूच्या एका उपकेंद्रात आणि नंतर तालुक्याच्या गावी. एकूण किती बाळे तुमच्या हातांत जन्मली, असे मी एकदा विचारले होते. "बाळं मोजायला सगळं घर असतंय, बाई," त्या म्हणाल्या. "मी आया बघते." हे वाक्य मी तेव्हा नम्रपणा म्हणून सोडून दिले. ते त्यांच्या कामाचे अचूक वर्णन होते, हे समजायला मला बरीच वर्षे लागली. मूल जन्मते त्या मिनिटाला खोलीतली प्रत्येक नजर मुलाकडे वळते. त्या मिनिटाला आईच्या शरीराचे नेमके काय होते, याकडे सुजाता सिस्टर बघत असत.

आमची ओळख शाळेच्या प्रयोगशाळेत झाली. मुलींची आरोग्य तपासणी करायला त्या आल्या होत्या. काम आटोपले, तरी त्या निघेनात. भिंतीवरचा मानवी सांगाड्याचा तक्ता त्या फार वेळ निरखत होत्या. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, एक इचारू का? थंड पान्यात मळलेल्या पिठाची भाकरी थापताना कडंला चिरती. ऊन पान्यात मळलं की चिरत न्हाय. मी बाळंत हुनाऱ्या बाईला ऊन पान्याचा फडका लावते, तर तीबी कमी फाटती. दोनीचं कारन एकच का?"

इतका स्वच्छ मांडलेला प्रश्न मला वर्गात क्वचितच कोणी विचारला असेल. मी उत्तराला एक आठवडा मागून घेतला, पुस्तके चाळली, ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना विचारले. पुढच्या बुधवारी मी त्यांना सांगितले की, ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा नसतो. कढत पाण्याने त्यातला स्टार्च थोडा शिजून चिकट होतो, म्हणून भाकरी सांधलेली राहते. माणसाची त्वचा मात्र पीठ नव्हे. उबेमुळे तिथला रक्तप्रवाह वाढतो, स्नायू सैलावतात, दुखणे थोडे कमी होते आणि ती बाई अंग आखडून धरत नाही. दोन्ही ठिकाणी ऊब उपयोगी पडते, पण दोन्हीकडची कारणे वेगळी.

सिस्टरांनी मान डोलावली. "म्हंजे उत्तर बरोबर, रीत चुकली."

"परीक्षेत रीतीलाही गुण असतात, सिस्टर."

"मग निम्मं तरी द्या की!"

त्या दिवसापासून दर महिना-दोन महिन्यांनी त्या येत राहिल्या. मी प्रयोगशाळेतला एक तापमापक त्यांना वापरायला दिला, कारण "मनगटाला सोसंल इतकं ऊन" हे माप मला मान्य नव्हते. त्यांनी माझ्यासमोर चार वेळा कढत पाण्यात गार पाणी मिसळले, चारही वेळा मनगटाच्या आतल्या बाजूने तपासले आणि चारही वेळा पारा जवळजवळ त्याच रेषेवर थांबला. मी वहीत नोंद केली. "लिवा, लिवा," त्या म्हणाल्या, "म्हंजे तुमच्या पाऱ्यावर माझा इस्वास बसंल."

वाचकांसाठी इथे थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण जी गोष्ट सिस्टरांनी जन्मभर जपली तिचे नावही आपल्याकडे उच्चारले जात नाही. बाजेला जशी नवार विणलेली असते, तसे ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंचे एक विणकाम असते. मूत्राशय, गर्भाशय आणि आतड्याचे शेवटचे टोक या तिघांचा भार ते पेलते. बाळाचे डोके याच विणीतून वाट काढते. वीण ताणली जाते आणि पुष्कळदा पूर्ववत होते. पण झटक्याने ताणली गेली तर सैल पडते, उसवते, आणि कधीकधी चीर थेट मागे गुदद्वारापर्यंत जाते. मग त्या बाईला लघवी आवरत नाही, काहीतरी खाली उतरल्यासारखे वाटते, उभे राहणे नकोसे होते. ती हे कोणालाही सांगत नाही, कारण बाळंतपणानंतर हे चालायचेच, असे तिला तिच्या आईने सांगितलेले असते, आणि आईला तिच्या आईने.

सिस्टरांनी याबद्दल प्रश्न विचारायला केव्हा सुरुवात केली, हे त्यांनीच मला सांगितले. उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी त्या नव्या नोकरीला होत्या तेव्हाची गोष्ट. एक बाई डोक्यावर टोपली घेऊन मासे विकायची. तिच्या माहेरच्या शेतात भाजी होत होती, तरी ती मासेच विकायची. सिस्टरांना कुतूहल वाटले आणि त्यांनी कारण विचारले. ती आधी हसली, मग म्हणाली, "भाजी इकताना माझा वास लोकांस्नी कळंल, सिस्टर. माशाच्या वासात कुनाला कळतंय?" तीन बाळंतपणांनंतर तिची लघवी दिवसभर ठिबकत होती. तिने धंदा निवडला होता तो वासावरून.

"तवापासनं इचारते," सिस्टर म्हणाल्या. "सव्वा महिन्यानं एकदा, तीन महिन्यांनी एकदा. घरी जाऊन. शिंकताना, हसताना थेंब जातो का? जड वाटतं का खाली? एवढंच."

"आणि त्या खरं सांगतात?"

"पयल्यांदा कोन सांगतंय! पयलं उत्तर 'न्हाय'च असतंय. मग मी म्हनते, आनखी अर्धा कप च्या मिळंल का? बाई आत जाती, च्या ठेवती, दूध बघती. तवर तिचं तिच्याशी बोलनं हुतं. कप घिऊन भायेर येती ती खरं उत्तर घिऊनच येती."

हे ऐकून मी हसले, आणि नेमक्या त्याच क्षणी मला शिंक आली. खडूची धूळ मला कधीच सोसली नाही. शिंक येताच माझा डावा हात सवयीने टेबलाच्या कडेवर घट्ट बसला आणि गुडघे एकमेकांना चिकटले. सिस्टरांनी माझ्या हाताकडे बघितले.

"बाई, थेंब जातो का?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिले आणि समोरचा रिकामा कप थोडा पुढे सरकवला. "आनखी अर्धा कप मिळंल का?" मी शिपाईमावशींना हाक मारून चहा मागवला; आत जाण्याची वेळ माझ्यावर आलीच नाही. त्यामुळे असेल कदाचित, पण मी खोटेच बोलत राहिले. मधुराच्या जन्मापासून मी शाळेत दहा ते पाच या वेळात पाणी पीत नव्हते, गडद रंगांच्याच साड्या नेसत होते, आणि कोणत्या वर्गापासून स्वच्छतागृह किती पावलांवर आहे हे मला पाठ होते. मुलांना उत्सर्जन संस्थेचा पाठ मी दरवर्षी उत्तम शिकवत असे.

मी खरे सांगितले ते कितीतरी वर्षांनी, मधुराला दिवस गेल्यावर. ती पहिल्या बाळंतपणाला रीतीप्रमाणे माहेरी, माझ्याकडे यायची होती, आणि माझी झोप उडाली होती. जे माझे झाले ते तिचे होऊ नये, एवढी एकच गोष्ट मला हवी होती. सिस्टर घरी आल्या तेव्हा मी स्वतः आत जाऊन चहा केला, कप त्यांच्यापुढे ठेवला आणि उभ्यानेच म्हणाले, "सिस्टर, त्या प्रश्नाचं उत्तर मी चुकीचं दिलं होतं."

"म्हाईत हाय की," त्या फुंकर घालून चहा पीत म्हणाल्या. "पेपर तपासनाऱ्याला उत्तर आधीच म्हाईत असतंय."

त्यांनी मला बारामतीच्या एका डॉक्टरीणबाईंकडे पाठवले. तिथे मला ते व्यायाम शिकवले गेले, जे खरे तर बाळंतपणानंतर लगेच शिकवायला हवे होते: लघवी रोखून धरतो तसे स्नायू आत ओढायचे, थोडे धरायचे, पूर्ण सोडायचे, आणि हे बसल्या जागी, पण प्रत्यक्ष लघवी करताना नव्हे. सोडणे हे ओढण्याइतकेच महत्त्वाचे आहे, हे मला नवे होते. काही महिन्यांनी मी दोन्ही हात मोकळे ठेवून शिंकले. त्या शिंकेचीही वेळ मी लिहून ठेवली आहे.

मधुराची तयारी सिस्टरांनी करून घेतली. बाळंतिणीच्या शेकासाठी मी आधीच शेगडी आणून ठेवली होती. त्यांनी ती उघड्या अंगणात मांडली, तिच्यात चार निखारे घातले आणि मधुराला जरा लांब बसवून म्हणाल्या, "फुंक. जाळ पेटू द्यायचा न्हाय, इझूबी द्यायचा न्हाय. निखारा नुसता लाल ठेवायचा." मधुराच्या पहिल्या फुंकरीने राख उडून माझ्या साडीवर आली. "ही झाली घाई," सिस्टर म्हणाल्या. "डोकं दिसाय लागलं की सगळ्या बायका ओरडत्यात, जोर कर, जोर कर. त्या टायमाला जोर नकोच असतोय. कळ आपलं काम करती. तू नुसता निखारा लाल ठेव. बाळाला हळू येऊ दे. कातड्याला ताणायला सवड दे."

चार दिवसांत मधुराला ती लांब, मऊ फुंकर जमली. मी सगळे टप्पे कागदावर क्रमाने लिहून कपाटाच्या दाराला चिकटवले. मला वाटले, आता चुकायला जागाच उरली नाही.

कळा सुरू झाल्यावर, दुपारी दोनच्या सुमाराला, सिस्टरांच्या दवाखान्यात मधुराला बाळंतपणाच्या खोलीत घेतले. सिस्टरांनी मला उशाशी उभे राहू दिले, कारण मला सगळे माहीत होते. मधुरा डाव्या कुशीवर होती, "उताणंच झोपायला पायजे असं कुनी सांगितलंय?" असे म्हणून त्यांनीच तिला वळवले होते. ऊन पाण्याचा फडका, थंड झाला की दुसरा, मग तिसरा... त्या हातांत कोणतीही गडबड नव्हती. कात्री ट्रेमध्ये होती. गरज लागली तर वापरायची, सवय म्हणून नव्हे, असा त्यांचा नियम होता. मग त्या म्हणाल्या, "दिसलं डोकं." आणि मी, जिने सारे टप्पे क्रमाने लिहिले होते, ती मी, पूर्ण आवाजात ओरडले, "जोर कर, मधू! जोर कर!"

मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला पोहोचणारा माझा आवाज. मधुरा माझी मुलगी आणि शाळेत माझी विद्यार्थिनीही. तिने तत्काळ आज्ञा पाळली आणि जोर लावला.

"बाई, गप बसा!" सिस्टरांनी मान वर केली नाही. त्यांचा एक हात बाळाच्या डोक्यावर होता, दुसरा खालून आधार देत होता. "न्हायतर भायेर जावा. मधुरा, निखारा. निखारा बघ."

मला आजवर कोणी असे गप्प केले नव्हते. मधुराने डोळे मिटले आणि फुंकर घातली. तिच्याबरोबर मीही फुंकू लागले, कारण तोंड बंद ठेवण्याचा तेवढाच मार्ग होता. डोके हळूहळू बाहेर आले, कपाळ, मग नाक, मग हनुवटी. त्या वेळी माझे घड्याळाकडे लक्ष गेले नाही.

नात रडली. सगळे तिच्याकडे वळले, मीही वळले. सिस्टर मात्र दिवा जवळ ओढून मधुराला तपासत होत्या. पुढे, आत, आणि मागच्या बाजूलाही. चीर मागच्या स्नायूंपर्यंत गेली असेल, तर ती तिथे वरवर शिवायची नाही, लगेच डॉक्टरांच्या हाती द्यायची, ही त्यांची ठाम शिस्त होती. मधुराची चीर लहान होती. दोन टाके पडले. हात धुऊन त्या बाहेर आल्या आणि माझ्या शेजारी बाकावर टेकल्या.

"त्या दोन टाक्यांवर तुमचं नाव हाय, बाई."

मी विचारले, "खरंच माझ्यामुळे फाटलं?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "तसं सांगता न्हाय येत. कवा कवा सगळं नीट करून बी फाटतंय. पन तुमचं नाव लागलेलं बरं. पुढच्या टायमाला गप बसाल."

मी त्या आरोळीचा पुढे पुष्कळ विचार केला. जे मला पूर्ण समजले होते, ते ऐन वेळी माझ्या उपयोगी का पडले नाही? तो आवाज माझा नव्हताच बहुधा. मधुराच्या जन्माच्या वेळी माझी आई माझ्या उशाशी उभी राहून अगदी तसेच ओरडली होती, तिच्यामागे मावशी, दारातून आत्या. त्या तिघी माझ्यावरच्या मायेनेच ओरडत होत्या. सिस्टरांना मी हे बोलून दाखवले, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग मायेनंच गप बसायला शिकवायचं बायकांस्नी. ते अवघड हाय." सव्वा महिन्याने त्या घरी आल्या. मधुराला त्यांनी तोच प्रश्न विचारला, आणि ती 'नाही' म्हणताच कप पुढे धरला. मधुरा हसून लोटपोट झाली. "सिस्टर, खरंच नाही हो! पातेलंभर चहा प्यायलात तरी उत्तर तेच." त्या तिच्या हसण्याकडे बारकाईने बघत होत्या. ती इतकी हसली, तरी तिने कशाचाच आधार घेतला नाही. तेव्हा कुठे त्यांनी कप खाली ठेवला.

निवृत्तीनंतर त्यांची मूत्रपिंडे निकामी होत गेली. शेवटचे वर्षभर त्या डायलिसिससाठी बावड्याहून बारामतीला येत आणि परतताना कधीकधी मधुराकडे टेकत. दिवसाला किती पाणी प्यायचे हे डॉक्टरांनी ठरवून दिलेले. आमच्या शेवटच्या भेटीत मधुराने त्यांना मोजून अर्धा कप चहा दिला. तो संपल्यावर त्या कपाच्या तळाकडे बघत राहिल्या.

"आता दुसरा अर्धा कप मला चालत न्हाय, बाई. त्यामुळं लोकं खोटं बोलून सुटत्यात."

"कोण सुटलं?"

"आमची मनीषा." प्रवीणची बायको. तिचे बाळंतपण तिच्या माहेरी झाले होते. सिस्टर तेव्हा आजारी, डायलिसिसखेरीज प्रवास बंद. "घरी आली तवा इचारलं. न्हाय म्हनली. पन उंबरा वलांडताना जरा थांबती ती. मी खाटंवरनं बघते..." गाडी आली आणि त्या गेल्या.

सिस्टरांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन पाहुण्यांची वर्दळ ओसरल्यावर मी बावड्याला गेले. प्रवीण लोणी देवकरच्या कारखान्यात पाळीवर गेला होता. घरी मनीषा आणि तिची आठ महिन्यांची मुलगी, दोघीच. सिस्टरांची खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. खिडकीच्या फळीवर माझा तापमापक होता, मऊ फडक्याच्या घडीत गुंडाळलेला. मी तो उचलला, पाहिला आणि परत तिथेच ठेवला. मनीषाने चहा आणला. आम्ही सिस्टरांविषयी बोललो, त्यांच्या शेवटच्या दिवसांविषयी, मुलीच्या दातांविषयी. शेजारच्या घरातून मिरचीच्या फोडणीचा वास आला आणि मनीषाला ठसका लागला. ती दारातच उभी होती. तिचा हात चौकटीवर गच्च बसला, गुडघे जुळले. तो हात मी ओळखला. कितीतरी वर्षे तो माझ्या प्रयोगशाळेतल्या टेबलाच्या कडेवर होता.

"मनीषा," मी म्हणाले, "खोकताना थेंब जातो का?"

"न्हाय ओ, बाई." उत्तर फार लवकर आले.

चुकीचे उत्तर ऐकले की ते तिथल्या तिथे दुरुस्त करायचे, हा माझा जन्माचा स्वभाव. माझ्याजवळ अख्खा पाठ तयार होता: बाजेची नवार, स्नायू, व्यायाम, डॉक्टरीणबाईंचे नाव, सगळे क्रमाने. माझे ओठ उघडलेही होते... मी ते मिटले. मग हातातला रिकामा कप तिच्यापुढे धरला.

"आणखी अर्धा कप मिळेल का गं?"

मनीषा माझ्याकडे बघत राहिली. मग उभ्या खाटेकडे तिची नजर गेली. "आईंनी मागितलाच न्हाय," ती हळूच म्हणाली. "मी वाट बगत हुते, मागतील म्हनून."

तिने मुलगी माझ्या मांडीवर ठेवली आणि आत गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला, भांड्याचा आला, मग कितीतरी वेळ काहीच आले नाही. मी मुलीला थोपटत बसून राहिले. मला कुठेही जायची घाई नव्हती. मनीषा बाहेर आली तेव्हा तिच्या हातांत दोन कप होते. ते खाली ठेवून तिने आधी रस्त्याकडचे दार लोटून घेतले, आणि मग ती माझ्यासमोर बसली.